पान एकशे सत्तेचाळीस

एल्पिदा पिएत्रुखा पुढाऱ्यांना खोकल्यावरून ओळखायची. टीव्हीवर एखादा मंत्री दिसला तर हा कोण, ते तिला सांगता यायचं नाही. पण ती स्वयंपाकघरात बटाटे सोलत असताना बाहेरच्या खोलीतून त्याचा घसा खाकरल्याचा आवाज आला, की ती नवऱ्याला म्हणायची, "हा चारशे बारा पानांचा." तिचं कामच तसं होतं. पुढारी बोलायचे आणि ती टाइप करायची. कानांवर हेडफोन, पायाखाली पेडल. पेडल दाबलं की पुढारी बोलतो, सोडलं की गप्प बसतो. एवढी सत्ता त्या देशात दुसऱ्या कुणाकडे नव्हती, पण तिचं तिला काही अप्रूप उरलं नव्हतं.

अशा पुस्तकाला पोलिश भाषेत नदी-मुलाखत म्हणतात. विचारणारा विचारत राहतो, सांगणारा सांगत राहतो आणि चारशे पानं वाहून जातात. व्रोत्स्वाफमध्ये एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर ग्रात्सियान कुलेशा यांची लहानशी प्रकाशन संस्था होती आणि ती या नद्यांवरच जगत होती. ग्रात्सियानराव एका वर्षी या पक्षाच्या माणसाची नदी काढायचे, पुढच्या वर्षी त्या पक्षाच्या. प्रकाशन समारंभ दोघांचाही त्याच सभागृहात आणि पावावरची हेरिंग मासळीही तीच. "आपण कुणाच्या बाजूचे नाही, एल्पिदाबाई," ते म्हणायचे. "आपण निवडणुकीच्या बाजूचे."

धंद्याला मरण नव्हतं. सरकार बदललं की टीव्हीवर बातम्या देणारी माणसं बदलायची. काढून टाकलेले निवेदक मग ग्रात्सियानरावांकडे येऊन मुलाखती घ्यायचे, आणि आज टीव्हीवर दिसणारे उद्या सरकार बदललं की इथेच येणार हे ठरलेलंच होतं. एल्पिदाने कीबोर्डवर काही बटणांत अख्खी वाक्यं भरून ठेवली होती. एफ-चार दाबलं की "देशाच्या इतिहासातला निर्णायक क्षण", एफ-सहा दाबलं की "मी खुर्चीसाठी कधीच राजकारण केलं नाही". दोन्ही पक्षांना तीच बटणं चालायची. फक्त एफ-सात वर एकाला "राष्ट्र" लागायचं आणि दुसऱ्याला "लोकशाही", तेवढं ती दर वर्षी बदलून घ्यायची.

ती जन्माने ग्रीक. तिकडच्या यादवी युद्धातून पळून आलेल्या आईबापांच्या पोटी पोलंडमध्येच जन्मली, पोलिश शाळेत शिकली, पोलिश माणसाशी लग्न केलं. खरं तर व्रोत्स्वाफ हे शहरच बाहेरून आलेल्यांचं. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मन गेले आणि पूर्वेकडून गाड्या भरभरून लोक आणून त्यांच्या घरांत बसवले. तरीही "तुम्ही मूळच्या कुठल्या हो?" हे गेली साठ वर्षं लोक तिलाच विचारत. सुरुवातीला तिला राग यायचा, नंतर नंतर ते सोयीचं वाटायला लागलं. जिन्यात पहिल्या मजल्यावरचे आणि चौथ्या मजल्यावरचे दोन वेगवेगळी वर्तमानपत्रं घेत आणि म्हणून एकमेकांना नमस्कार करत नसत. हिला मात्र दोघंही करत. परक्या बाईला कोणता पक्ष असणार?

नवऱ्याचं, म्हणजे क्लेमेन्सचं, तसं नव्हतं. त्याच्याशी नीट बोलणारं त्या जिन्यात कुणीच नव्हतं.

क्लेमेन्स छापखान्यात होता. एक्याऐंशीच्या डिसेंबरात देशात लष्करी कायदा आला आणि कामगार संघटनेवर बंदी आली, तेव्हा त्याने घराच्या तळघरात हाताने फिरवायचं एक यंत्र आणून बसवलं. त्यावर पत्रकं छापायला चौघंपाचजण यायचे. त्यांत एक होता तिसऱ्या मजल्यावरचा गेरार्द, छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारा, क्लेमेन्सचा जिवलग. दोघांनी कोपरात कोपर अडकवून ग्लास रिकामे केले होते आणि त्या दिवसापासून अहो-जाहो सोडून अरे-तुरेवर आले होते. पोलिश माणूस हे आयुष्यात मोजक्याच माणसांशी करतो. आणखी एक होता, इरेनेउश तोकाश नावाचा वीस वर्षांचा विद्यार्थी.

एप्रिलमध्ये धाड पडली. कुणीतरी पत्ता सांगितला होता. सगळे तुरुंगात गेले. बाकीचे दीड वर्षाने माफी झाली तेव्हा सुटले, क्लेमेन्स मात्र सात महिन्यांत घरी आला. त्याची फुप्फुसं गेली होती, म्हणून त्याला सोडलं असं कागदावर होतं. पण आधी सुटला एवढंच लोकांनी पाहिलं. गेरार्द सुटून आल्यावर दोघं जिन्यात भेटले. क्लेमेन्स हात पुढे करणार, तेवढ्यात गेरार्द म्हणाला, "नमस्कार, पिएत्रुखासाहेब. तब्येत बरी आहे ना तुमची?"

अरे-तुरेवरून कुणी परत अहोवर जात नाही. पोलिश माणसाला थोबाडीत मारलेली परवडते. क्लेमेन्स म्हणाला, "बरी आहे. तुमची?" आणि गेली छत्तीस वर्षं ते जिन्यात एकमेकांच्या तब्येतीची चौकशी करत होते. पोलिसांकडचे कागद एकोणनव्वदच्या हिवाळ्यात जाळले गेले होते. कागद जळाले की लोकांना पुराव्याची गरज राहत नाही आणि ते आणखी खात्रीने बोलायला लागतात.

खरं काय ते एल्पिदालाही माहीत नव्हतं. तो घरी आला तेव्हा नुसता हाडांचा सापळा होता. त्याला सूप पाजायचं की प्रश्न विचारायचे? त्याच वर्षी तिचे आईवडील ग्रीसला कायमचे परत गेले. तिला सोबत चल म्हणाले, ती गेली नाही. नंतर तो जरा सावरला तेव्हा विचारता आलं असतं. पण त्याने हो म्हटलं असतं तर? मग तिला पुढच्या गाडीने जावं लागलं असतं, आणि जायचं तर नव्हतं. म्हणून तिने विचारलं नाही, आणि पुढे पुढे तर विचारण्यासारखं काही उरलंय असंही तिला वाटेनासं झालं. आपलं मन बधिर झालंय हे तिला माहीत होतं. दाढ काढताना जबडा बधिर करतात, त्याचं कुणी वाईट वाटून घेत नाही, तसं तिने ते घेतलं होतं.

फक्त तेवीस नोव्हेंबरला, क्लेमेन्सच्या नावाच्या संताच्या दिवशी, ती खसखशीचा रोल भाजायची. तिथे वाढदिवसापेक्षा नावाचा दिवस मोठा. आमंत्रण कुणाला द्यायचं नसतं, ज्याला आठवण असेल तो येतो. पाच वाजता टेबलावर सहा कप मांडलेले असायचे. सात वाजले की ती त्यातले चार परत कपाटात ठेवायची.

तोकाश मात्र पुढे मोठा झाला. दोनदा मंत्री झाला, एकदा पक्ष बदलला, आणि आता ऑक्टोबरमध्ये पुन्हा निवडून यायचं होतं. साहजिकच त्याची नदी निघायची ठरली. टीव्हीवरून काढलेल्या एका निवेदकाने बारा दिवस बसून त्याला बोलतं केलं आणि रेकॉर्डिंग एल्पिदाकडे आलं. तोकाशचा खोकला तिला परका नव्हता. ती टाइप करत राहिली. तळघर आलं, यंत्र आलं, "क्लेमेन्स पिएत्रुखाची ग्रीक बायको आम्हाला घेवड्याचं सूप द्यायची" हेही आलं आणि तिने टाइप केलं. नवव्या दिवसाच्या रेकॉर्डिंगमध्ये बाटली उघडल्याचा आवाज आला. मग तोकाश म्हणाला:

"खरं सांगू का? पत्ता मीच दिला. वीस वर्षांचा होतो हो. माझा कोट काढून घेतला होता पोलिसांनी. आई खाली बसलीय म्हणाले. मग मी सांगून टाकलं. पिएत्रुखाने मात्र तोंड उघडलं नाही. सात महिन्यांत एक शब्द नाही." ग्लास ठेवल्याचा आवाज. "आत्ता राहू दे हे. नंतर बघू."

तिची बोटं ते टाइप करून तीन ओळी पुढे गेली, तेव्हा तिच्या लक्षात आलं. तिने पेडलवरून पाय काढला. तोकाश गप्प झाला. खिडकीबाहेर ट्राम वळणावर कुरकुरत गेली. आता आपल्याला काहीतरी वाटेल म्हणून ती थोडा वेळ बसून राहिली. काही वाटलं नाही. मग तिने गळलेला एक स्वल्पविराम घातला आणि पुढचं टाइप केलं. घरी गेल्यावर क्लेमेन्सला तिने सांगितलं नाही. आधी छापून येऊ दे, असं ती मनाशी म्हणाली.

पण या देशात मुलाखत अशीच छापत नाहीत. बोलणाऱ्याने मजकूर वाचून मान्यता द्यावी लागते. मान्यता म्हणजे काय, तर पुढारी जे बोलला ते खोडून त्याला जे बोलायला आवडलं असतं ते लिहायचं. कधी कधी ते प्रश्नसुद्धा बदलतात. तीन आठवड्यांनी तोकाशच्या कचेरीतून सही केलेला गठ्ठा परत आला. सूप तसंच होतं. त्या जागी मात्र आता लिहिलं होतं: "आमच्यातल्याच कुणीतरी पत्ता सांगितला. त्याचं नाव मी घेणार नाही. मी त्याला केव्हाच माफ केलं आहे."

तिने ते दोनदा वाचलं. तळघर कुणाचं, ते पान एकशे बारावर नावानिशी होतं. आधी कोण सुटला, ते गावाला पाठ होतं. आता क्लेमेन्सला माफीही मिळाली होती, छापील.

ती गठ्ठा घेऊन ग्रात्सियानरावांच्या खोलीत गेली.

"हे वाक्य तेवढं काढता येईल?"

"एल्पिदाबाई, सही झालीय. आता स्वल्पविरामसुद्धा हलत नाही."

"रेकॉर्डिंगमध्ये वेगळं आहे."

"रेकॉर्डिंग?" ग्रात्सियानरावांनी चष्मा काढला. "करारात काय आहे? मान्यता मिळाली की रेकॉर्डिंग पुसायचं. सकाळीच पुसलं. तुम्ही काय ऐकलं ते मला सांगू नका, हात जोडतो. मला ऐकू कमी येतं असं समजा."

"माझ्या नवऱ्याचं आहे ते."

"म्हणूनच म्हणतो. उद्या तुम्ही बोलायला लागलात तर लोक म्हणतील, नवऱ्यासाठी बाईने रचलं. वर तोकाशसाहेबांचे वकील आपल्याला रस्त्यावर आणतील. खालच्या बेकरीत पाव विकत बसू दोघं." ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी तिला चहा मागवला. "नामसूची कधी देताय? शुक्रवारी छपाईला जायचंय."

नामसूची म्हणजे पुस्तकाच्या शेवटी येणारी नावांची यादी, कोण कोणत्या पानावर आहे ते सांगणारी. ती शेवटी होते, कारण पानांचे आकडे पक्के झाल्याशिवाय करता येत नाही. म्हणून तिच्यावर पुढाऱ्याची सही नसते. आणि गंमत अशी की राजकारणातल्या नद्या तिथे कुणीच पहिल्या पानापासून वाचत नाही. दुकानात पुस्तक हातात घ्यायचं, मागून उघडायचं, आपलं नाव आहे का बघायचं, मग ओळखीच्यांची बघायची, त्यांत ज्याचं वाईट लिहिलेलं असेल ते पान वाचायचं, आणि पुस्तक परत फळीवर ठेवायचं. सगळा देश मागून वाचतो. तीस वर्षं सूच्या करून एल्पिदाला हे पक्कं माहीत होतं.

गुरुवारी तिने सूची केली. पिएत्रुखा, क्लेमेन्स: ११२, ११३. बरोबर. मग टी अक्षर आलं. ज्याची मुलाखत, त्याचं नाव सूचीत घालत नाहीत, कारण तो पानोपानी असतो. हा नियम तिने स्वतः किती नव्या मुलींना शिकवला होता. तिने टाइप केलं: तोकाश, इरेनेउश: १४७.

बस, तेवढंच. पान एकशे सत्तेचाळीसवर एकाही माणसाचं नाव नव्हतं. तिथे फक्त "आमच्यातला कुणीतरी" होता.

तिने अकारविल्हे क्रम तपासला, फाइल पाठवली आणि येताना बेकरीतून अर्धा पाव घेतला. ग्रात्सियानरावांनी सूचीवर नजर टाकली ती स्वतःच्या मेव्हण्याचं नाव नीट लिहिलंय का एवढ्यापुरती.

पुस्तक सप्टेंबरात आलं. आठवड्याने ग्रात्सियानरावांचा फोन आला.

"बाई, सूचीत चूक झालीय."

"कुठली?"

"नायकाचं नाव घालत नाहीत सूचीत. तुम्हाला मी सांगू?"

"परदेशी बाई मी," एल्पिदा म्हणाली. "चुकले असेन."

"तीस वर्षांत तुम्ही परदेशी नव्हतात कधी," ग्रात्सियानराव म्हणाले. "शुद्धिपत्राची चिठ्ठी घालू म्हणालो तोकाशसाहेबांच्या कचेरीला. ते म्हणतात, नको, मग सगळेच बघतील. खटला भरायचा म्हणाले, तर त्यांचाच वकील म्हणाला की कोर्टात काय सांगणार? या पानावर मी नाही म्हणून? मग कोर्ट विचारणार, कोण आहे." ते खोकले. "दुसरी आवृत्ती काढावी लागतेय, बाई. खप चांगला आहे."

"सूची दुरुस्त करून देते."

"तीच राहू द्या," ग्रात्सियानराव म्हणाले आणि फोन ठेवला.

एका वर्तमानपत्राने दोन दिवस पान एकशे सत्तेचाळीस मोठ्या अक्षरांत चालवलं. दुसऱ्याने ती सूची म्हणजे विरोधकांचा डाव असल्याचं लिहिलं. क्लेमेन्सचं नाव दोघांतही नव्हतं. तिसऱ्या दिवशी कुणा खासदाराचा कुत्रा कुणाला तरी चावला आणि विषय संपला. तोकाश आरामात निवडून आला.

घरची प्रत क्लेमेन्सने एका दुपारी उचलली. त्यानेही ती मागूनच उघडली. एल्पिदा पलीकडे बसून घेवडा निवडत होती. त्याने आधी आपलं नाव बघितलं, मग टी, मग पानं उलटून एकशे सत्तेचाळीस. वाचून झाल्यावर त्याने चष्म्याच्या काचा सदऱ्याला पुसल्या.

"सूची तू केलीस?"

"हो."

"चांगली झालीय."

ती निवडत राहिली. मग म्हणाली, "तुला माहीत होतं?"

"तेव्हाच. त्याचा जबाब दाखवला होता मला. सही होती खाली, पोराची, वाकडीतिकडी."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कुणाला सांगणार?" क्लेमेन्सने पुस्तक मिटलं. "मला कुणी विचारलंच नाही. एकदम अहोच म्हणायला लागले."

तो उठून खोकत आत गेला. कुणीच विचारलं नाही. गेरार्दने विचारलं नाही, छापखान्यातल्यांनी नाही, चर्चमधल्या फादरने नाही. एल्पिदा मनातल्या मनात मोजत होती आणि एका ठिकाणी येऊन तिने मोजणं थांबवलं. घेवडा निवडून झाला होता.

तेवीस नोव्हेंबरला पाच वाजता तिने सहा कप मांडले. साडेपाचला दारावरची बेल वाजली. क्लेमेन्सने तिच्याकडे पाहिलं, तिने त्याच्याकडे. दारात गेरार्द होता, कोटावर टाय, हातात घरी केलेल्या चेरीच्या दारूची बाटली. एका मजल्यावरून खाली यायला त्याने ओव्हरकोट घातला होता.

तो बसला. रोल खाल्ला, छान झालाय म्हणाला. गॅस महागल्याचं बोलला, ट्रामचा मार्ग बदलल्याचं बोलला. मग त्याने काटा खाली ठेवला.

"क्लेमेन्स, चुकलंच रे माझं. विचारायला हवं होतं मी तुला."

त्या खोलीत छत्तीस वर्षांत कुणा बाहेरच्याने क्लेमेन्सला अरे म्हटलं नव्हतं. एल्पिदाने किटली हातातच धरून ठेवली.

क्लेमेन्सने गेरार्दचा कप जवळ ओढला. "साखर किती घेता तुम्ही?" तो म्हणाला. "पूर्वी लक्षात होतं माझ्या."

गेरार्दने खाली बघितलं. "दोन," तो म्हणाला. "दोन चमचे घेतो."

"घ्या ना मग. गार होतोय तुमचा."

आवाजात राग नव्हता. त्याने पाहुण्याला रोलचा आणखी एक तुकडा वाढला, चेरीची दारू घेतली, चांगली उतरलीय म्हणाला, आणि सगळं अहो-जाहोतच. सहा वाजून गेले तेव्हा गेरार्द उठला. क्लेमेन्स टेबलापाशीच उभा राहून म्हणाला, "जपून जा. जिन्यातला दिवा गेलाय." एल्पिदा त्याला दारापर्यंत सोडायला गेली.

कोटाची बटणं लावायला गेरार्दला वेळ लागत होता. "बरोबर आहे त्याचं," तो हळूच म्हणाला. "माझ्यासारख्याला काय तोंड आहे. एक बरं होतं, एल्पिदा. घरात तू तरी होतीस. तू विचारलं असशील त्याला, पहिल्याच दिवशी. एका माणसाला तरी खरं माहीत होतं."

"हो," एल्पिदा म्हणाली.

दार लावून ती आत आली. क्लेमेन्सने टीव्ही लावला होता, कुणीतरी घसा खाकरत होता, पण तो किती पानांचा हे तिने सांगितलं नाही. तिने चार कप कपाटात ठेवले. मग फळीवरून पुस्तक काढलं, मागून उघडलं आणि एप्रनच्या खिशातली प्रुफांची पेन्सिल घेतली. भूल उतरताना जबडा ठणकतो, तसं आत काहीतरी ठणकत होतं. इतक्या वर्षांनी हे नेमकं काय होतंय ते कळायला तिला थोडा वेळ लागला. सूचीत पी अक्षरापाशी, क्लेमेन्सच्या नावावरच्या चिंचोळ्या जागेत, कारण क्रमात 'के'च्या आधी 'ई' येतो, तिने बारीक अक्षरांत लिहिलं: पिएत्रुखा, एल्पिदा: १४७.